जुहू सोडून जरा पलीकडे

संपादक महोदय,

रविवारी संध्याकाळी जुहूला वाळू शोधावी लागते. गेल्या महिन्यात नातवाला घेऊन गेलो, तर पाण्यापर्यंत पोचेतो पोराच्या हातातला बर्फाचा गोळा वितळून गेला. पुढच्या रविवारी मालाडहून बसने मार्वेला गेलो आणि फेरीबोटीने मनोरीला उतरलो. खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात, पण पलीकडे जणू दुसराच गाव! बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, जाळी दुरुस्त करत बसलेले कोळी, लांबलचक रिकामा किनारा. बोंबलांच्या वासाने नातवाने नाक मुरडलं खरं, पण शंख वेचताना तो वास विसरला.

दिवसभराची सवड असेल, तर डहाणू लोकलने केळवे रोडला उतरून केळव्याचं सुरूचं बन गाठावं. शेजारीच शीतलादेवीचं देऊळही आहे. मात्र मालाडहून जवळ पडतं म्हणून अक्साच्या किनाऱ्यावर पोहायला उतरू नये. तिथली पाण्याची ओढ फसवी आहे, बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

एक भीती वाटते. हे पत्र वाचून सगळेच मनोरीला लोटले, तर तिथलंही जुहू व्हायचं! तेव्हा वेफर्सची पाकिटं पिशवीत घालून परत आणावीत, वाळत घातलेल्या मासळीत फोटोसाठी घुसू नये. आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जातानाच विचारून घ्यावी. आम्ही ती धावतपळत गाठली.

– एक ज्येष्ठ वाचक, मालाड