गोव्यातल्या हळदोण्याच्या आंटींना, देव बरें करूं

प्रिय आंटी,

तुमची प्रार्थनेची पुस्तकं सगळी रोमी लिपीतली, देवनागरी वाचायला तुम्हाला जड जातं. म्हणून हे पत्र रविवारी तुमच्या बल्कांवावर, दारापुढच्या ओट्यावर, बसून मीच वाचून दाखवणार आहे. तरी उघडं लिहिते आहे. ज्यांचं बाळ मांडीवर यायच्या आधीच गेलं अशा बायकांना, आणि त्यांना भेटायला जाणाऱ्यांना, तुम्ही काय केलंत ते कळायला हवं. तुमची स्वतःची गोष्ट 'बरय', म्हणजे लिही, म्हणालात म्हणूनच यात आहे.

गेल्या वर्षी 24 जूनला मला आठवा महिना होता आणि आदल्या संध्याकाळपासून बाळ हललं नव्हतं. सांजांवचा, म्हणजे संत योहानाचा, दिवस. वाड्यावरची मुलं डोक्यावर फुलांची कोपेलं घालून विहिरीत उड्या मारत होती. मारिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटात योहानाने आनंदाने उडी मारली, त्याची ही आठवण, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. आमच्या नगरकडे हा सण नाही. सोनोग्राफी करताना डॉक्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि माझ्या कानात मात्र त्या विहिरीतल्या उड्या वाजत होत्या.

गावाहून फोन आले. 'देवाची इच्छा' तर सगळेच म्हणाले. नात्यातल्या एका बाईंनी विचारलं, "बाप्तिस्मा झाला नव्हता ना गं?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण रात्रभर मी एवढाच विचार करत राहिले, की माझी मुलगी आता आहे कुठे?

त्या संध्याकाळी माझे यजमान सुन्न बसले होते आणि तुम्ही धो धो पावसात छत्री घेऊन फादरांकडे गेलात. का गेलात, ते मला दोन महिन्यांनी कळलं. 1974 साली तुमचा पहिला मुलगा असाच गेला. तेव्हा 1917चा चर्च कायदा होता, बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाला विधी नाही. अंकलनी त्याला परसातल्या फणसाखाली पुरलं आणि घरात त्याचं नाव कधी निघालं नाही. नऊ वर्षांनी, 1983ला कायदा बदलला. आईवडील बाप्तिस्मा देणारच होते असं असेल, तर बिशपांच्या परवानगीने विधी करता येतो. तुम्ही हे ऐकून ठेवलं होतं, जपून ठेवलं होतं, आणि माझ्या मुलीसाठी फादरांच्या दारात उभं राहून मागितलंत. परवानगी आली. बाप्तिस्म्यासाठी तुम्ही विणत होतात ते पांढरं टोपडं एका बाजूने अर्धवट होतं. रात्री जागून पुरं केलंत, आणि सिमितेरीत, दफनभूमीत, नेण्याआधी तिच्या डोक्यावर घातलंत. बंद बांधताना तुमची बोटं किती हळू चालत होती! ती झोपली आहे आणि जागी व्हायला नको, अशी.

फादरांनी नंतर समजावलं, की व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने 2007 मध्ये या बाळांबद्दल विचार मांडला आहे. त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं त्यात म्हटलंय. ठाम ज्ञान आहे असं नाही म्हटलं, आशा म्हटलं. मला ते बरं वाटलं. ठाम बोलणाऱ्यांचा तेव्हा मला त्रास व्हायचा.

त्यानंतर मी मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, येणं सोडलं. माझी आई दरवर्षी हरेगावच्या मतमाउलीला, मारियामातेच्या यात्रेला, पायी जाते, माझ्या या बाळासाठी नवस बोलून आली होती. तिला मी काय सांगणार होते? एकदा तुमच्या आग्रहाखातर आले, तर येशूने शिकवलेली 'आमच्या बापा' ही प्रार्थना सुरू झाली आणि 'तुजी खुशी' आलं. तुमच्या कोकणीत खुशी म्हणजे इच्छा. माझ्या मराठी कानाला ती खुशीच ऐकू येते. माझी मुलगी गेली ही तुझी खुशी? मी उठून बाहेर आले. तुम्ही मागोमाग आलात, आणि मी हे सांगितल्यावर समजावलं नाहीत, बायबल काढलं नाहीत. म्हणालात, "तें उतर वगी रावून सोड. तुका जायना जाल्यार हांव मागतां."

तो शब्द आला की गप्प राहा, तुला नाही जमत तर तुझ्यासाठी मी मागते, प्रार्थना करते. आंटी, एवढं सोपं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. विश्वास ज्याचा त्यालाच ओढायचा असतो, असंच मी समजत होते.

मग ऑक्टोबरात साईबीण, म्हणजे मारियेची मूर्ती, वाड्यावर फिरायला लागली. एकेका संध्याकाळी एकेकाच्या घरी. आमची पाळी चुकवा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, तू काही म्हणू नकोस, दार तेवढं उघडं ठेव. मेणबत्त्या तुम्ही आणल्यात, अबोलीचे हार आणलेत, खोबऱ्याच्या कातळ्या घातलेले चणे आणलेत. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू झाला. 'तुजी खुशी' जवळ आलं तसा तुम्ही माझा हात धरलात आणि तुम्हीही गप्प झालात. सगळी खोली म्हणत होती, आपण दोघी तेवढ्या नाही.  'आमच्या बापा' आलं त्या प्रत्येक वेळी. तुमचा हात खरखरीत, गरम होता. पन्नास वर्षं तुम्ही तो शब्द म्हणत आला होतात, आणि त्या दिवशी माझ्यासाठी थांबलात.

आपलं चर्च संत थोमाचं, 1596 सालचं. येशू पुन्हा उठला हे त्याच्या जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं थोमाने म्हटलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचे आठ दिवस तो त्याच शिष्यांबरोबर होता, त्याला कोणी घालवून दिलं नाही, याकडे माझं लक्ष तुमच्यामुळे गेलं. माझे आठ दिवस लांबलेत. अजूनही काही रविवारी मी येत नाही. येते तेव्हा कधी म्हणते, कधी त्या शब्दापाशी थांबते.

मराठीत आभार मानताना मध्ये देव लागत नाही. कोकणीत लागतो: 'देव बरें करूं', देव भलं करो. म्हणून वर्षभर तुम्ही पेजेचं भांडं ठेवून जायचात आणि मी 'थँक्यू' म्हणायचे, 'देव बरें करूं' तोंडातून निघायचं नाही. परवा भांडं परत देताना निघालं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त भांडं पुन्हा पुसलंत.

यंदा साईबीण आमच्याकडे येईल तेव्हा चणे मी भिजवणार आहे. मीठ किती, ते आदल्या दिवशी येऊन सांगा.

तुमची,
शेजारची नगरवाली