तापाचा खाडा कापू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मूल सांभाळणाऱ्या ताई आजारी पडल्या तर त्या दिवसाचा पगार कापायचा का, हा वाद मुंबई, ठाणे, पुण्यातल्या घराघरांत पावसाळा लागला की हमखास उभा राहतो. माझं म्हणणं सरळ आहे : कापू नये. आणि त्याचं पहिलं कारण घरातलं बाळच आहे.

हिशेब पाहा. महिना १८,००० रुपये पगार असेल आणि ३० दिवसांनी भागून खाडा लावला तर दिवसाचे ६०० रुपये जातात. रविवार सोडून २६ ने भागलं तर ६९२. म्हणजे तीन दिवसांच्या तापात दोन हजारांच्या आसपास पगार गेला, वर डॉक्टर आणि औषधं वेगळी. हे परवडत नाही म्हणून सकाळी पॅरासिटामॉलची गोळी घेऊन ताई कामावर येतात. गोळीचा असर चार ते सहा तास टिकतो. दुपारी बाळाला भरवताना, मांडीवर झोपवताना ताप पुन्हा चढलेला असतो आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो. आजार अंगावर काढणं म्हणतात ते हेच. इथे मात्र तो दोन अंगांवर निघतो. मग बाळाच्या तापासाठी आई-बाबा चार दिवस घरी बसतात आणि वाचवलेले ६०० रुपये डॉक्टरांच्या एका भेटीत जातात.

किती दिवस घरी राहायचं हे आजारागणिक बदलतं आणि ते दोन्ही बाजूंना आधीच माहीत हवं. फ्लूसारख्या तापात गोळी न घेता २४ तास ताप आला नाही, तरच परत यायचं. जुलाब-उलट्या असतील तर शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास थांबायचं, कारण बाटल्या धुणारे आणि खिमट भरवणारे हात तेच असतात. कांजण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच सुरू होतो आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत राहतो. साधारण पाच ते सात दिवस. डोळे आले असतील तर पाणी आणि चिपडं थांबेपर्यंत बाळाजवळ येऊ नये. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीत डोळे पिवळे दिसू लागल्यापासून किमान आठवडाभर स्वयंपाक आणि बाटल्या दुसऱ्याने बघाव्यात.

डेंग्यू आणि मलेरियाचं वेगळं आहे. ते शेजारी बसल्याने पसरत नाहीत, म्हणून 'मग यायला काय हरकत आहे' असं विचारलं जातं. हरकत मोठी आहे. डेंग्यूत गुंतागुंत बहुधा ताप उतरतानाच होते, त्यामुळे ताप गेला म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी कामावर बोलावणं धोक्याचं. शिवाय दहा किलोचं मूल कडेवर घेऊन जिना उतरताना घेरी आली तर काय होईल, याचा विचार करावा. अशा वेळी कामावर परतण्याचा दिवस डॉक्टरांनीच ठरवावा.

क्षयरोगाबद्दल तर फारच गैरसमज आहेत. निदान कळलं की त्याच दिवशी हिशेब करून ताईंना घरी पाठवलं जातं. परिणाम उघड आहे : पुढची ताई खोकला लपवते. औषधांनी बरा होणाऱ्या साध्या फुप्फुसाच्या क्षयात नियमित उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. परत येण्याचा निर्णय क्षयरोग केंद्रातल्या डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यावर घ्यावा. औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. घरातल्या बाळाची तपासणीही करून घ्यावी, पण नोकरी राखून ठेवावी. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर तपासणीला जा आणि तपासणीचा दिवस भरपगारी, एवढं एक वाक्य आधी सांगितलेलं असेल तरी निदान लवकर होतं.

आता कायदा. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ मध्ये नोंदणी आहे, कल्याण योजना आहेत. आजारपणाच्या पगारी रजेचा हक्क नाही. त्याच घरातली आई पुरेसे कर्मचारी असलेल्या आस्थापनेत (दुकान, कार्यालय वगैरे) नोकरी करत असेल तर तिला राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याने (२०१७) वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा मिळते. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार (क्रमांक १८९) २०११ साली झाला, भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी केंद्राला घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करायला सांगितलं. कायदा येईल तेव्हा येईल, बाळ मात्र आजच सांभाळायचं आहे. म्हणून नियम घरातच, कामाच्या पहिल्या दिवशी ठरवावे लागतात.

माझ्या मते पूर्णवेळ काम असेल तर वर्षाला १२ दिवस आजारपणाची भरपगारी रजा द्यावी. १८,००० पगारावर याचे वर्षाला ७,२०० होतात, म्हणजे महिन्याला ६००. त्यांतले चार दिवस ताईंच्या स्वतःच्या मुलाच्या आजारपणासाठी वापरता यावेत. बारा दिवस संपल्यावर पुढचे पंधरा दिवस अर्धा पगार आणि त्यापुढे एक महिना जागा राखून ठेवणं, इतकं बहुतेक घरांना जमण्यासारखं आहे. उरलेल्या रजेचे वर्षअखेरीस पैसे देऊ नयेत. पैसे मिळणार असले की माणूस पुन्हा तापात कामावर येतो. हजेरीचा बोनसही याच कारणाने नको. उरलेली रजा पुढच्या वर्षात न्यावी, कमाल २० दिवसांपर्यंत. ऑपरेशन किंवा मोठ्या दुखण्यात ती उपयोगी पडते. साप्ताहिक सुट्टी यात धरायची नाही. शनिवारी आणि सोमवारी ताप होता म्हणून मधला रविवारही कापणं सर्रास चालतं, ते चूकच आहे. आणि भागाकार ३० चा करायचा की २६ चा, हे एकदा ठरवून लिहून ठेवावं : जास्तीच्या दिवसाचे पैसे देतानाही तोच आकडा लावायचा.

'रजा दिली की सगळ्याजणी तापच सांगतात' ही तक्रार मला पूर्ण खोटी वाटत नाही. पण ती कुठून येते? ज्या घरात गौरी-गणपतीला, गावच्या जत्रेला, मुलाच्या शाळाप्रवेशाला रजाच मिळत नाही, तिथे प्रत्येक रजेला तापाचंच नाव द्यावं लागतं. म्हणून साधी रजा वेगळी ठेवावी. ती पंधरा दिवस आधी सांगायची आणि आजारपणाच्या रजेत मिसळायची नाही.

ताईंनीही काही गोष्टी पाळायला हव्यात. आदल्या रात्रीच कणकण वाटली तर तेव्हाच, नाहीतर सकाळी साडेसहाच्या आत फोन करावा. मेसेज टाकून फोन बंद ठेवू नये, कारण समोर कोणाला तरी आठच्या लोकलने जायचं असतं. फोनवर तीन गोष्टी सांगाव्यात : काय होतंय, कधीपासून, आणि उद्याचा अंदाज. गोळी घेतली असेल तर तेही सांगावं. कुटुंबाने दोन दिवसांपर्यंत डॉक्टरांची चिठ्ठी मागू नये. तिसऱ्या दिवसापासून मागावी आणि तिची फी स्वतः द्यावी. ताईंच्या घरी एक डिजिटल थर्मामीटर देऊन ठेवावा. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे घरी राहायचं, असा आकडाच ठरलेला असला की वाद होत नाही.

पर्यायी सोय करणं कुटुंबाचं काम आहे. तापलेल्या बाईने बदली शोधत फिरायचं नसतं. जवळच्या पाळणाघरात महिन्यातून एखादा दिवस मूल आधीच रुळवून ठेवावं. अनोळखी जागी एकदम सोडलं तर ते दिवसभर रडतं. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला २०१७ पासून पाळणाघराची सोय सक्तीची आहे, ती आपल्या कार्यालयात आहे का हे विचारावं. दुपारी एकपर्यंत एकजण आणि नंतर दुसरा, अशी आई-बाबांची पाळीही लागू शकते. बाबांच्या रजा शिल्लक राहतात आणि आईच्या मार्चच्या आधीच संपतात, हे इथे स्पष्टच बोललं पाहिजे. ब्युरोकडून, म्हणजे कामाला बाई पुरवणाऱ्या संस्थेकडून, ताई घेतल्या असतील तर बदली बाईचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, हे करारात पाहून घ्यावं. मूळ ताईंच्या पगारातून ते वळते होत असतील तर आजारपणाची रजा नावापुरतीच राहते.

चोवीस तासांच्या ताईंना ताप आला तर त्यांना बाळाच्या खोलीबाहेर झोपायची जागा, जेवण आणि डॉक्टर मिळायला हवा. 'आज फक्त कपड्यांच्या घड्या घाला' ही रजा नव्हे.

उलट बाजूही आहे. बाळाला कांजण्या किंवा हँड-फूट-माउथ (हात, पाय, तोंडात फोड येणारा संसर्ग) झालं असेल तर ताईंना घरात पाऊल टाकण्याआधी सांगावं. ज्यांना कांजण्या झालेल्या नाहीत किंवा ज्यांना दिवस गेले आहेत त्यांना बोलावूच नये, आणि ते दिवस पूर्ण पगाराचे धरावेत. बाळाकडून लागलेला ताप ताईंच्या बारा दिवसांत मोजू नये.

हे सगळं एका पानात मावतं. घरेलू कामगार कल्याण मंडळाने नोंदणीच्या वेळीच असा रजेचा छापील नमुना मराठीत आणि हिंदीत, दोन प्रतींत द्यावा : एक ताईंकडे, एक घरात. तोवर सोसायट्यांनी तो आपल्या सूचनाफलकावर लावावा, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, ठाणे