ताजमहाल हॉटेलात जॅझ संपत नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जॅझवरचा लेख वाचला. जॅझचं जन्मगाव न्यू ऑर्लिन्स, ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग सगळं यथासांग आलंय. पण मुंबईत पोचल्यावर ताजमहाल हॉटेल, १९३५ साली आलेला लिऑन ॲबीचा बँड आणि पियानोवाला टेडी वेदरफोर्ड एवढ्यावर लेखकाने गाशा गुंडाळला. गोवेकर वादकांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ. हे पटलं नाही.

मी खानापूरकडचा. उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकण्यात गेली. 'शोला जो भडके' झाल्याशिवाय आमची वरात पुढे सरकत नसे. हे गाणं १९५१ च्या 'अलबेला' सिनेमातलं, संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या माणसाचं. पण त्यांच्या हाताशी होता हळदोण्याचा आंतोनियो वाझ, ज्याला मुंबई चिक चॉकलेट म्हणायची. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावरही दिसतो.

मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतली रौनक ओसरली आणि या मंडळींचा मोठा आधार झाला तो सिनेमाचा स्टुडिओ. गोव्यात चर्चच्या शाळांतून नोटेशन आणि व्हायोलिन लहानपणीच शिकवत, त्यामुळे कागद पाहून वाजवणारी माणसं तिथूनच यायची. संगीतकाराने चाल गुणगुणावी आणि अख्ख्या ताफ्याने काय वाजवायचं ते अरेंजरने कागदावर मांडावं, असा मामला. शंकर-जयकिशनसाठी हे काम सेबास्टियन डिसोझांनी वर्षानुवर्षं केलं. रेकॉर्डवर नाव मात्र संगीतकाराचं. आम्हा बँडवाल्यांना यात नवल नाही, आमचंही नाव लग्नपत्रिकेत कुणी छापलेलं नाही!

मला शिकवलं ते बेळगावातल्या कॅम्पमधल्या एका म्हाताऱ्या गोवेकर मास्तरांनी. आमचा ढोलवाला समेवर दणका देणारा. मास्तर त्याला थांबवायचे, पायाने एक-दोन-तीन-चार धरायला लावायचे आणि टाळी मात्र दोनवर आणि चारवर. त्याला ते काही केल्या जमेना. हात आपला एकवरच पडायचा. मग एके दिवशी तालमीत अचानक जमलं, आणि नेहमीचंच गाणं कमरेत शिरलं. जॅझ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, पुस्तकं नंतर वाचली.

आणखी एक. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा या वादकांपैकी कितीतरी जण सरहद्दीवरच्या कॅसल रॉक स्टेशनात झडती देऊन, आमच्या तालुक्यातल्या लोंढ्यावरून, बेळगाव-मिरज-पुणे असे मीटर गेजच्या गाडीने आणि पुण्याला गाडी बदलून मुंबईला जात, बाकीचे आगबोटीने. म्हणजे ही वाट आमच्या दारावरून गेलीय, आणि बेळगाव आवृत्तीच्या पुरवणीत लोंढ्याचं नावही नाही.

लेखाखाली 'पूर्वार्ध' असं छापलंय. उत्तरार्धात चिक चॉकलेट, सेबास्टियन डिसोझा, ट्रम्पेटवादक-अरेंजर फ्रँक फर्नांड आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस एवढी नावं तरी यावीत. जागा कमी पडली तर ताजमहाल हॉटेलचा फोटो थोडा लहान करा.

– एक क्लॅरिनेटवादक, खानापूर (जि. बेळगाव)