डिस्चार्ज कार्ड नको, अख्खी फाईल द्या

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

ऑपरेशनमध्ये डॉक्टरची चूक झाली तर आपलं कोण ऐकतंय, असं आमच्या पेठेत सगळेच म्हणतात. कायदा आहे की साहेब, पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर ग्राहक कायद्यात येतो हे सुप्रीम कोर्टानं १९९५ लाच सांगितलंय, आणि बिल ५ लाखांच्या आतलं असेल तर ग्राहक आयोगातल्या तक्रारीला फीसुद्धा पडत नाही. आमचं अडलं ते कागदावर.

माझ्या वहिनीचं इथल्याच एका खाजगी दवाखान्यात (केस चालू आहे, नाव लिहीत नाही) पिशवी काढायचं ऑपरेशन झालं. घरी आली आणि मग पाच महिने ताप यायचा जायचा, पोट फुगायचं, दाखवायला गेलो की 'गॅस आहे, जरा चालत जावा' आणि परत गोळ्या. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून पोट उघडलं आणि दादाला आत बोलावून स्टीलच्या ट्रेमधला, ऑपरेशनात रक्त टिपायचा कापडी बोळा दाखवला, पिवळा पडलेला, चहा गाळायच्या फडक्याएवढा. 'मोबाईलवर फोटो काढून ठेवा' एवढंच म्हणाले. कार्डावर मात्र 'फॉरेन बॉडी काढली' इतकंच लिहिलं, कसली बॉडी ते नाही. एका डॉक्टरनं दुसऱ्याच्या विरोधात लिहायचं म्हणजे अवघडच, तेही कळतंय.

तालमीतली पोरं म्हणाली चला काचा फोडू. दादानं अडवलं म्हणून बरं, नाहीतर दवाखान्यावरच्या हल्ल्यांविरुद्धच्या २०१० च्या कायद्यानं ३ वर्षांपर्यंत जेल आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई, म्हणजे दाद मागायला गेलेला माणूसच आरोपी.

मग फाईल मागितली. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात स्पष्ट आहे की मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं, पण आम्हाला कधी रेकॉर्डवाला रजेवर, कधी मॅडम मीटिंगमध्ये, कधी झेरॉक्स मशीन बंद. आमची चूक अशी की आम्ही तोंडीच मागत बसलो, अर्ज देऊन पोचेचा शिक्का घ्यायला पाहिजे होता, तो सात महिन्यांनी घेतला. मधे एक पाहुणे मध्यस्थी करत होते, 'मिटवून टाकू, कोर्टात काय मिळणार', दिवाळी झाली की बसू, लग्नसराई संपली की बसू. फाईल आली तेव्हा ऑपरेशनच्या कागदावर सिस्टरच्या सहीनं 'काउंट करेक्ट' लिहिलेलं, म्हणजे बोळे मोजले आणि सगळे भरले!

तोवर दोन वर्षं होऊन ४१ दिवस वर गेले होते. तक्रारीची मुदत दोन वर्षं, सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, त्या अर्जावर आमची केस लटकलीय. बोळा सापडला त्या दिवसापासून धरा असं आमचे वकील म्हणतात, पण तिथंही भरवसा नाही, गोव्याच्या एका नर्सबाईंचं ऑपरेशन १९९३ चं, पोटातनं गॉज (असलाच बोळा) निघालं २००२ ला, तक्रार २००४ ला, आणि २०१० ला सुप्रीम कोर्टानं मुदत गेली म्हणून बाईंच्या विरोधात निकाल दिला, इतकी वर्षं दुखत होतं तर डॉक्टरला विचारलं का नाही म्हणून.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांना फुकट असेल तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी दावा लावायचा. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ ला बाळंतिणीच्या पोटात मॉप (रक्त टिपायचं फडकं) राहिला, बाई गेली, ३६ हजार भरपाई सुप्रीम कोर्टात कायम व्हायला १९९६ उजाडलं.

आणि हो, पेशंट दगावला म्हणजे डॉक्टर चुकलाच असं मी म्हणत नाही, आमच्या घरच्या डॉक्टरांवर आमचा जीव आहे. पोलीस केसला तर सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या निकालानं घोर निष्काळजीपणाच दाखवावा लागतो आणि ते बरोबरच आहे. माझं मागणं एवढंच की डिस्चार्जच्या दिवशी बिलाबरोबर ऑपरेशन नोट, भूल दिलेला कागद, काउंटचा कागद, नर्सिंग चार्ट सगळ्याची झेरॉक्स न मागता हातात द्यावी, पानाला दोन रुपये घ्या वाटल्यास. तुमच्या पेपरनं हा विषय जिल्ह्यातल्या डॉक्टर मंडळींपुढं मांडावा.

जमत नाही असं कोण म्हणेल तर वहिनीचं बिल दाखवतो, ते पहिल्याच दिवशी मिळालं होतं, सात पानी. त्यात हातमोजे जोड्यांनी मोजलेत, सुया मोजल्यात, आणि पाचव्या पानावर गॉज किती नग तेपण लिहून पैसे लावलेत.

आपला एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर