मोर्स सराव: या आठवड्यात फक्त 'के'

सर्व सभासदांसाठी सूचना.

या आठवड्यात मोर्स संकेतलिपीतलं एकच अक्षर घ्यायचंय: के, म्हणजे डा-डिट-डा (डा लांब आवाज, डिट आखूड). कागदावर रेघ-टिंब-रेघ काढून पाठ करू नका. तसं शिकलं की प्रत्येक अक्षराला मनात तक्ता उघडावा लागतो आणि पुढे वेग अडतो.

ऐकताना सुरुवातीपासूनच मिनिटाला २० शब्दांचा वेग ठेवा. या वेगाला डिट ६० मिलिसेकंदांचा, डा त्याच्या तिप्पट, मधली फट एका डिटएवढी. अख्खा के ५४० मिलिसेकंदांत संपतो. मोजत बसायला वेळच उरत नाही, आणि तेच हवंय. दोन अक्षरांमधली शांतता मात्र हवी तेवढी लांबवा.

पाठवताना वेग कमी चालेल, प्रमाण तेच. कोपर टेबलावर, मनगट सैल. 'की' (संकेत पाठवायची कळ) ठोकायची नाही, दाबायची. पहिल्या डानंतर हात रेंगाळला तर समोरच्याला 'टी ए' ऐकू येतं, डिटनंतर रेंगाळला तर 'एन टी'. डिटच लांबला तर थेट 'ओ'! डिट अधूनमधून गळत असेल तर आधी कीच्या संपर्कबिंदूंमधली फट कमी करून बघा.

रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. रविवारपर्यंत प्रत्येकाने सलग दहा 'के' रेकॉर्ड करून गटावर टाकावेत.