रडारचा पल्ला आणि अरबी समुद्रावरची हवा

महोदय,

किनारी सुरक्षेच्या बातम्यांत रडारची ओळख बहुधा एकाच आकड्याने करून दिली जाते : 'इतक्या किलोमीटर पल्ल्याचे'. हा आकडा खोटा नसतो. पण तो कोणत्या हवेत मोजला, हे कळल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत बसवलेल्या दीड मीटर तरंगलांबीच्या रडारवर उन्हाळ्यात थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे, म्हणजे हजार मैलांहूनही दूरचे संकेत उमटल्याची नोंद आहे. यंत्र बिघडलेले नव्हते. जमिनीवरची तापलेली, कोरडी हवा समुद्रालगतच्या दमट हवेवर पसरली की उंचीबरोबर अपवर्तनांक (हवा लहरीला किती वाकवते हे ठरवणारा आकडा) झपाट्याने घटतो, रेडिओलहरी पृथ्वीच्या वक्रतेहूनही अधिक वाकतात आणि पाण्यालगतच्या थरात कोंडून क्षितिजापलीकडे जातात. या थराला 'डक्ट' म्हणतात.

दूरचे दिसले तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. मुंबईतले रडार सेकंदाला १००० पल्स, म्हणजे रेडिओलहरींचे क्षणिक झोके, सोडत असेल, तर दोन पल्समधल्या वेळात लहर फार तर १५० किलोमीटरपर्यंत जाऊन परत येते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून, समजा ३१० किलोमीटरवरून, डक्टमधून परतलेला संकेत दोन पल्स उशिरा पोहोचतो, रडार तो नुकत्याच सोडलेल्या पल्सचा समजते आणि तो पडद्यावर मुंबईपासून अवघ्या १० किलोमीटरवर दिसतो. तिथेच एखादी खरी होडी असली, तर माग ठेवणाऱ्या संगणकाने कोणता ठिपका धरायचा? पल्सची गती, म्हणजे सेकंदाला सुटणाऱ्या पल्सची संख्या, ११०० केली की होडी १० किलोमीटरवरच राहते, खोटा ठिपका मात्र ३७ किलोमीटरवर जाऊन पडतो. सोंग उघडे पाडण्याचा हा साधा उपाय आहे, पण तो फुकट मिळत नाही. मिनिटाला २० फेरे घेणाऱ्या अँटेनाचा एक अंश रुंदीचा झोत एका लक्ष्यावर जेमतेम ८ मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात ८ पल्स पडतात आणि दोन गती वापरायच्या तर त्या चार-चार अशा वाटून घ्याव्या लागतात. प्रत्येक पल्सला गती बदलावी, तर लागोपाठच्या पल्सची तुलना करून स्थिर किनाऱ्याचा संकेत पुसून टाकण्याची युक्ती दूरच्या किनाऱ्यापुरती निकामी होते. गती ३०० वर आणली, तर ५०० किलोमीटरच्या आतले सोंग टळते, पण लक्ष्यावर दोन-तीनच पल्स पडतात.

पाऊस लागला की हवा ढवळली जाते, डक्टचा त्रास बराच ओसरतो आणि दुसरेच दुखणे सुरू होते. लहान होड्या टिपायला सोयीची असलेली तीन सेंटिमीटरची लहर मुसळधार पावसात लवकर क्षीण होते. दहा सेंटिमीटरची लहर टिकते, परंतु तेवढ्याच अँटेनातून तिचा झोत अधिक रुंद पडतो. वर्तुळाकार ध्रुवीकरणाने, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा गोल फिरत ठेवून, थेंबांकडून येणारा संकेत बराचसा गाळता येतो, मात्र मोठे थेंब चपटे होत असल्याने जोराच्या पावसात, म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच, त्याचा गुण कमी येतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी कुलाब्याच्या किनाऱ्यावर उतरले ते रबरी होडीतून, हे लक्षात घेतले तर उसळत्या लाटांत अशी होडी शोधणे किती कठीण आहे याची कल्पना यावी. तेथे पल्सच्या आतच वारंवारता सरकवत नेणारा 'चर्प' संकेत उपयोगी पडतो, कारण पल्स लांब ठेवूनही अंतराचा बारीक भेद करता येतो आणि होडीबरोबर मोजले जाणारे लाटांचे क्षेत्र घटते. त्याचीही किंमत आहे : १० मायक्रोसेकंदांची पल्स सुटत असताना पहिल्या दीड किलोमीटरमधले काही नीट दिसत नाही, म्हणून बंदराच्या तोंडाशी सोबत आखूड पल्सही लागते.

म्हणजे एकच संकेत ठरवून तो बारा महिने वापरण्यात शहाणपण नाही. हवा पाहून तो बदलला पाहिजे. हवामान खाते सांताक्रूझहून फुगे सोडते, त्यांच्या नोंदींतून वरचे डक्ट ओळखता येतात. बाष्पीभवनामुळे पाण्यालगतच्या दहा-वीस मीटरांत तयार होणारा थर मात्र त्यांत सापडत नाही. त्यासाठी समुद्रातल्या तरंगत्या बोयांवरच हवेचे व पाण्याचे तापमान, आर्द्रता आणि वारा मोजावा लागतो. या नोंदी रडारच्या नियंत्रण कक्षात पोहोचाव्यात. तसेच किनारी रडारच्या खरेदीपूर्वीच्या चाचण्या एप्रिल-मेमधल्या संध्याकाळी आणि जुलैच्या पावसात, रबरी होडी समुद्रात सोडून घ्याव्यात, आणि पल्ल्याच्या आकड्याशेजारी त्या वेळची हवाही नोंदवावी, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक, मुंबई