विमानप्रवासाचे तास केवळ अंतरावरून ठरत नाहीत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर निघणाऱ्या प्रवासविषयक पुरवण्यांत दोन विमानतळांमधील अंतर आणि त्यापुढे प्रवासाचे तास अशी कोष्टके हमखास असतात. हे तास बहुधा अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागून काढलेले असावेत, कारण जाण्याची व येण्याची वेळ त्यांत एकच दिलेली असते. प्रत्यक्षात मुंबई-लंडन या सुमारे ७,२०० किलोमीटरच्या मार्गावरही येण्यापेक्षा जाण्यास साधारण तासभर अधिक लागतो.

कोष्टकातले अंतर हे पृथ्वीच्या गोलावरील लघुतम अंतर असते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ते साधारण १२,४०० किलोमीटर भरते आणि ही रेषा उत्तर ध्रुवाच्या बरीच जवळून जाते. एअर इंडियाने २०१५ च्या अखेरीस ही थेट सेवा सुरू केली तेव्हा मात्र विमान अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटर कापून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. अंतर १५,३०० किलोमीटरवर गेले आणि तरीही साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी, विमान पोहोचले. विमाने उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जे जोरदार वारे वाहतात, ते अटलांटिकच्या मार्गावर समोरून येत होते, तर प्रशांतच्या मार्गावर पाठीशी राहिले. हिवाळ्यात या वाऱ्यांना विशेष जोर असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत उतरले, ते याच वाऱ्यांमुळे. एरवी त्याला साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

वाऱ्याइतकेच राजकारणही वेळ ठरवते. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांच्या आतला प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेकडे जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी वाटेत उतरावे लागले. विमानतळांमधील लघुतम अंतर मात्र तसूभरही बदलले नव्हते.

शिवाय वेळापत्रकातील वेळ ही विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीकडे जाण्यात आणि रांगेत थांबण्यात जाणारा वेळही तीत येतो. (पावसाळ्यात मुंबईवर घालाव्या लागणाऱ्या घिरट्या वेगळ्याच.) तिकिटावरील सुटण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक असल्याने दोन आकड्यांची नुसती वजाबाकी करूनही चालत नाही. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. इन्शुलिन घेणाऱ्याला दोन मात्रांमध्ये प्रत्यक्ष किती तास जाणार, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे लागते.

म्हणून अशी कोष्टके छापताना जाण्याचे व येण्याचे तास वेगळे द्यावेत, ते चालू वेळापत्रकातून घ्यावेत आणि ते कोणत्या महिन्याचे आहेत याचा उल्लेख करावा, ही विनंती. अंतर द्यायचेच असेल, तर ते लघुतम अंतर आहे एवढी तळटीप पुरेशी होईल.

कळावे,
आपला एक वाचक, ठाणे